चाकाचा कोणता भाग थांबलेला असतो?

वेगवान शर्यतीचं ट्रॅकच्या कडेने चित्रीकरण करायचं तर कोणता कॅमेरा घ्यावा आणि कोणती लेन्स, हा प्रश्न सहसा दुकानात विचारला जातो. उत्तरही तिथे आकड्यांतच मिळतं: सेकंदाला किती फ्रेम, किती मिलिमीटर, किती लाख रुपये. बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरममध्ये, हा प्रश्न फार लांबचा नाही. टिन फॅक्टरीपासून रेल्वेवरच्या त्या तारांनी तोललेल्या हँगिंग ब्रिजवरून पुढे जाणारा ओल्ड मद्रास रोड धरला, की होसकोटे, कोलार, चित्तूर, राणीपेट करत श्रीपेरुंबुदूर गाठता येतं. तिथून थोडं पुढे इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. 3.717 किलोमीटरचा हा ट्रॅक 1990 पासून देशातल्या मोटारसायकल शर्यतींचं माहेरघर आहे. बंगळूरचे रायडर तिथे जातात, पुण्या-कोल्हापूरचेही जातात आणि त्यांच्यामागे कॅमेरेही जातात. मला मात्र हा सामानाचा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा वाटतो. गती म्हणजे काय आणि ती पाहिली असं कधी म्हणता येईल, याचं काहीएक उत्तर मनाशी धरल्याशिवाय कुणालाही कॅमेरा निवडता येत नाही. आपण ते उत्तर धरलेलं असतं, फक्त तपासलेलं नसतं. भारतीय दर्शनांनी ते फार बारकाईने तपासलं आहे. त्यांतलं जैनांचं उत्तर ट्रॅकच्या कडेला सगळ्यात खरं उतरतं, असं मला वाटतं.

आधी थोडं गणित करू. मोटारसायकल ताशी 180 किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला 50 मीटर अंतर कापते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तरी तेवढ्यात ती 5 सेंटिमीटर सरकते. आठ हजाराव्या भागापुरतं उघडलं तरी सहा मिलिमीटरहून थोडी जास्तच सरकते. शटर आणखी वेगवान केलं की आकडा लहान होत जातो, पण शून्य कधी होत नाही. आपण ज्याला थिजवलेला क्षण म्हणतो तोही एक छोटा प्रवासच असतो. पातंजल योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्षणाची व्याख्याच गतीवरून केली आहे: परमाणूला आपली जागा सोडून लगतच्या जागी जायला जो काळ लागतो, तो क्षण. म्हणजे काळाचा सगळ्यात लहान तुकडा घेतला तरी त्यात हालचाल आहेच. त्याच्याही आधी नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात, गतागतपरीक्षेत, हा विचार कडेलोटापर्यंत नेला. जो रस्ता चालून झाला त्यावर आता चालणं उरलं नाही, जो चालायचा आहे त्यावर ते अजून आलेलं नाही आणि हे दोन्ही वगळून चालणं चालू असलेला असा तिसरा तुकडा शोधायला जावं तर तो हाती लागत नाही. चालणारा आणि चालणं हे एकमेकांच्या आधारानेच उभे आहेत, एकाला दुसऱ्यापासून सोडवून दाखवता येत नाही, असा त्याचा रोख आहे. ट्रॅकवर हजारो फ्रेम काढून घरी आलेल्या माणसाची हीच गत होते. प्रत्येक फ्रेममध्ये बाईक कुठे होती ते दिसतं, पण ती जात होती हे एकाही फ्रेममध्ये सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही अडचण छायाचित्राची झाली, चलचित्रात गती येतेच की. चलचित्राचं काम कसं चालतं ते बघितलं तर हा दिलासा टिकत नाही. सेकंदाला 25 फ्रेम घ्यायच्या असतील तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं ठेवायचं, हा सिनेमावाल्यांचा जुना दंडक. म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याच्या वेळेतला अर्धा वेळ शटर उघडं आणि अर्धा वेळ बंद. आपली बाईक एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत 2 मीटर जाते. त्यातला एक मीटर पुसट रेघ होऊन उमटतो आणि दुसरा मीटर कुठेच उमटत नाही. दहा मिनिटांच्या फितीतली पाच मिनिटं कॅमेऱ्याने पाहिलेलीच नसतात. तरीही बघणाऱ्याला ती गती सलग आणि गुळगुळीत वाटते. उलट हीच 25 फ्रेमची फीत हजाराव्या भागाच्या शटरने काढली, प्रत्येक फ्रेम लखलखीत केली, तर पडद्यावर बाईक अडखळत, उड्या मारत गेल्यासारखी दिसते. कारण आता दोन मीटरांपैकी फक्त 5 सेंटिमीटर नोंदले जातात आणि उरलेल्या अंतराचा पुसटसाही माग राहत नाही. सुट्या फ्रेममध्ये जो पुसटपणा दोष मानला जातो, तोच इथे दोन फ्रेमांना सांधणारा दुवा ठरतो. स्पष्टता वाढवत नेली की गतीचं ज्ञान आपोआप वाढतं, हा समज इथेच खोटा ठरतो.

स्पष्टतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र हलका नाही. एडवर्ड मायब्रिजने जून 1878 मध्ये पालो आल्टोला धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले आणि घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिलं. पाय सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार मात्र पिढ्यानपिढ्या पुढे-मागे ताणलेले पाय रंगवत आले होते. नुसत्या डोळ्याला जे कधी कळलं नसतं ते गोठवलेल्या फ्रेमने सांगितलं. मग पुसट चित्राची तरफदारी म्हणजे डोळ्याच्या दुबळेपणाचं कौतुक नव्हे काय? शिल्पकार रोदँने या वादात उलटी टोकाची बाजू घेतली. काळ कधी थांबत नाही, म्हणून छायाचित्र खोटं आणि कलावंत खरा, असं त्याचं म्हणणं होतं. मला या दोघांचीही ओढाताण अनाठायी वाटते. मायब्रिजच्या फ्रेमला विचारलेला प्रश्न होता, अमुक वेळी पाय कुठे होते? त्याचं तिने दिलेलं उत्तर निर्विवाद आहे. घोडा कसा धावतो हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे मागायचं नाही. शर्यतींचे फोटो काढणारे हे अनुभवाने जाणतात. चार हजाराव्या भागाच्या शटरने टिपलेल्या बाईकच्या चाकातली आरी न् आरी मोजता येते आणि नेमकी त्यामुळेच ती बाईक ट्रॅकवर उभी करून ठेवल्यासारखी दिसते. असा फोटो ते स्वतःहून बाजूला काढतात.

आता त्याच चाकाकडे जरा जवळून पाहू, कारण सगळा वाद तिथे उघडा पडतो. चाक घसरत नसेल, नुसतं लोळत असेल, तर त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. चाकाचा आस ताशी 180 किलोमीटरने पुढे जातो आणि सगळ्यात वरचा बिंदू त्याच्या दुप्पट, ताशी 360 किलोमीटरने. ट्रॅकच्या कडेला तिपाईवर कॅमेरा पक्का बसवला आणि हजाराव्या भागाचं शटर दिलं तर चित्रात काय येईल? टायरचा खालचा भाग जवळजवळ स्वच्छ, आसाजवळ 5 सेंटिमीटरचा पुसटपणा आणि वरच्या कडेला 10 सेंटिमीटरचा. चाकाचा खालचा भाग थांबला होता, असं हे चित्र सांगतं. आता तेच शटर, तीच लेन्स, तीच बाईक. फक्त कॅमेरा बाईकच्या बरोबरीने फिरवत न्यायचा. याला सगळे पॅनिंग म्हणतात. या चित्रात आस स्वच्छ येतो, टायरची कड वर-खाली सगळीकडे सारखीच पुसट येते आणि जमीन मागे ओढल्यासारखी दिसते. हे चित्र म्हणतं, थांबला होता तो आस. दोन्ही चित्रं त्याच चाकाची आहेत, यंत्रात काही बिघाड नाही, सेटिंगमध्ये फरक नाही, आणि चाकाचा कोणता भाग थांबला होता यावर त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. यांतलं खरं कोणतं, असा हट्ट धरणाऱ्याला उत्तर मिळणार नाही. कारण दोन्ही खरी आहेत आणि प्रत्येक कुणाच्या तरी उभं राहण्याच्या जागेवरून खरं आहे.

वस्तूला अनंत बाजू असतात, तिच्याविषयीचं प्रत्येक विधान कोणत्या तरी एका बाजूने केलेलं असतं आणि त्या बाजूपुरतंच ते खरं असतं. अशा एका बाजूच्या पाहण्याला जैन दर्शनात नय म्हणतात. मल्लवादी आचार्यांच्या ‘द्वादशारनयचक्र’ या ग्रंथाची रचनाच मुळी बारा आऱ्यांच्या चाकासारखी आहे. प्रत्येक आरा म्हणजे एक मत. पुढचा आरा मागच्याचं खंडन करतो, बारावा पुन्हा पहिल्यापाशी आणून सोडतो आणि सगळे मिळून ज्याच्यात रोवलेले आहेत तो तुंबा म्हणजे अनेकान्त, वस्तूला अनंत बाजू असतात हाच विचार. मूळ ग्रंथ काळाच्या ओघात हरवला. सिंहसूरींची टीका तेवढी उरली आणि तिच्यावरून विसाव्या शतकात मुनी जंबूविजयांनी कितीतरी वर्षं खपून तो पुन्हा उभा केला. त्या ग्रंथाचं सार मला आपल्या प्रश्नाला नेमकं लागू वाटतं. तिपाई हा एक नय आहे, पॅनिंग हा दुसरा. हजारावा भाग हा एक नय, पन्नासावा भाग दुसरा. कॅमेरा निवडणारा माणूस यांतला कोणता तरी नय निवडत असतो. ‘सगळ्यात चांगला’ कॅमेरा मागणं म्हणजे सगळे नय एकाच वेळी मागणं आहे आणि ते कुठल्याच किमतीला मिळत नाहीत.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तित्वाची व्याख्या तीन अंगांनी केली आहे: उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. उपजणं, नाहीसं होणं आणि टिकून राहणं ही तिन्ही मिळून ‘असणं’ होतं. बौद्धांनी क्षणाक्षणाला नाहीसं होण्यावर भर दिला, वेदान्त्यांनी न बदलणाऱ्यावर. जैनांनी यातलं काहीच सोडलं नाही. साठाव्या भागाच्या शटरने नीट साधलेलं पॅनिंग पाहिलं की ही व्याख्या डोळ्यांसमोर उभी राहते. रायडरचं हेल्मेट आणि त्यावरचा क्रमांक वाचता येतो, तेवढं टिकलेलं असतं. मागचं कुंपण, जाहिरातींचे फलक, बसलेली माणसं आडव्या रेघा होऊन निघून गेलेली असतात. चाकं फिरता फिरता नव्याने चाकं होत असतात. याचं उलट टोक पाहायचं तर बंगळूरहून श्रवणबेळगोळला जावं. चामुंडरायाने 981 च्या सुमारास उभारलेला तो 57 फुटांचा गोमटेश्वर, म्हणजेच बाहुबली. मराठी माणूस त्याच्या पायाशी कोरलेल्या जुन्या मराठी शिलालेखासाठी तरी तिथे थबकतोच. शिल्पकारापुढचं कोडं अवघड होतं. बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात निश्चल उभा होता, ते वर्ष दगडात दाखवायचं कसं? त्याने पायांवरून मांड्यांपर्यंत आणि दंडांवर वेली चढवल्या, पायाशी वारुळं घडवली. न हलणारा देह आणि त्याच्याभोवती वाढत गेलेला काळ, हेसुद्धा लांब उघड्या शटरचंच चित्र आहे. पॅनिंगमध्ये धावणारा टिकतो आणि जग निघून जातं, इथे उभा असलेला टिकतो आणि जग वाढत जातं. दोन्हीकडे टिकणं आणि बदलणं एकाच चौकटीत आलं आहे आणि त्यामुळेच दोन्हीकडे काळ दिसतो.

आता सगळ्यात जड आक्षेप. प्रत्येक चित्र आपापल्या बाजूने खरं म्हटलं तर खोटं चित्र कशाला म्हणायचं? घरी बसून संगणकावर मागे रेघा ओढल्या आणि रस्त्याच्या कडेला उभी केलेली बाईक पळती करून दाखवली, तर तोही एक नय मानायचा का? जैन तर्कात याला उत्तर तयार आहे. हेमचंद्रांनी प्रमाण, नय आणि दुर्नय असा भेद स्पष्ट केला आहे. जे आपल्या बाजूपुरतं बोलतं आणि दुसऱ्या बाजू नाकारत नाही तो नय. ‘हेच आणि एवढंच’ असं म्हणून जे इतर बाजू पुसून टाकतं तो दुर्नय. संगणकावरची रेघ मात्र दुर्नयाच्याही पायरीला पोचत नाही, कारण नय व्हायला आधी वस्तूचा स्पर्श लागतो. पॅनिंगमधली रेघ कुंपणावरून आलेल्या उजेडानेच ओढलेली असते. घरी ओढलेल्या रेघेला कुंपण ठाऊकच नसतं. याच कसोटीवर जाक-आंरी लार्तिगचं 1912 च्या फ्रेंच ग्रां प्रीतलं प्रसिद्ध छायाचित्र घासून पाहावं. अठरा वर्षांच्या या मुलाच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे काचेच्या प्लेटसमोरून उभी सरकणारी एक फट होती. चित्राचा एक भाग आधी उमटला, दुसरा नंतर. तेवढ्यात मोटार पुढे गेली आणि कॅमेराही फिरला. म्हणून चाक पुढे झुकलेलं लंबवर्तुळ झालं आणि कडेची माणसं मागे कलली. त्याने ते फसलेलं समजून बाजूला ठेवलं, जगाने ते अर्ध्या शतकानंतर डोक्यावर घेतलं. तिथलं चाक वाकडं नव्हतं, हे उघड आहे. तरी त्या वाकडेपणाचा प्रत्येक अंश मोटारीच्या खऱ्या वेगातून आणि फटीच्या खऱ्या वेगातून आला आहे. शटर कसं चालतं हे ठाऊक असेल तर त्या चित्रावरून उलटं गणित मांडता येतं. मला ते खरं चित्र वाटतं. आजच्या साध्या सेन्सरमध्ये ओळीमागून ओळ वाचली जाते आणि जवळून जाणारी गाडी तिरपी होते, तेही याच जातीचं. पण तोच तिरपेपणा ‘गाडीचा सांगाडाच वाकला होता’ याचा पुरावा म्हणून पुढे केला, तर तो दुर्नय झाला.

लांब पल्ल्याच्या लेन्सच्या बाबतीत हा दुर्नय रोज घडतो आणि सहसा कुणी त्याला हटकत नाही. कॅमेरेवाला कुंपणाआड लांब उभा राहतो, 400 किंवा 600 मिलिमीटरची लेन्स लावतो आणि सरळ पट्ट्यावरून समोर येणाऱ्या बाईकची रांग टिपतो. इतक्या लांबून पाहिलं की पुढची आणि मागची बाईक एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात अनेक मीटरांचं अंतर असतं. शिवाय समोरून येणारी बाईक चित्रात आडवी सरकतच नाही, नुसती मोठी होत जाते, म्हणून ताशी 200 किलोमीटरने येत असूनही ती रेंगाळल्यासारखी वाटते. धोका फुगतो आणि वेग आटतो. यात लेन्सचा दोष नाही. ती लांबून पाहण्याचं सत्य इमानाने सांगते. दोष त्याचा, जो अख्खी शर्यत याच एका जागेवरून दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटू देतो की रायडर सतत एकमेकांच्या अंगावर चालून जात होते. एखाद्या वळणाच्या आतल्या बाजूने, थोड्या आखूड लेन्सने काढलेली चार-दोन दृश्यं मध्ये घातली की अंतरं पुन्हा जागेवर येतात.

मग घ्यावं काय? हा विचार मान्य केला तर बाजाराचा हिशोब बराच उलटा होतो. हजाराव्या भागाचं चित्र हवं असलेल्याला महागडा सेन्सर लागतो, अंधुक उजेडात पुरणारी मोठ्या तोंडाची लेन्स लागते, सेकंदाला शंभरावर फ्रेम साठवणारी कार्डं लागतात. वळणात रायडरचा गुडघा, कोपर आणि ब्रेकवरचं बोट कुठे होतं हे तपासणाऱ्या प्रशिक्षकाचा प्रश्न तसाच असतो, त्याने तो खर्च जरूर करावा. पण वेग दाखवणं हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला पन्नासाव्या आणि साठाव्या भागाचं शटर पुरतं आणि तेवढं सावकाश शटर कुठल्याही मध्यम कॅमेऱ्यात असतं. भर उन्हात ते ठेवायचं तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. 70-200 ची लेन्स आणि एक पक्का मोनोपॉड लागतो, आणि याहून जास्त लागतो तो कमरेपासून एकसंध वळण्याचा सराव. तो ओल्ड मद्रास रोडच्या रहदारीवर, के. आर. पुरमच्या मेट्रोवर किंवा कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर फुकट करता येतो. मोठी लेन्स शर्यतीपुरती भाड्याने आणावी. पैशांची चणचण असलेल्या माणसाने तत्त्वचिंतन कशाला करावं, असा एक आक्षेप असतो. मला तर वाटतं, पैसे कमी असणाऱ्यालाच आपला प्रश्न आधी ठरवण्याची गरज जास्त असते. ज्याच्याकडे भरपूर पैसे आहेत तो न ठरवताही निभावून नेतो.

नव्या यंत्रांनी हे सगळे प्रश्न मिटवले, असं म्हणणाऱ्यांनी सोनीच्या अल्फा 9 थ्रीकडे पाहावं. नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या या कॅमेऱ्याचा अख्खा सेन्सर एकदम वाचला जातो, म्हणून लार्तिगचं झुकलेलं चाक त्यात येणारच नाही. तो सेकंदाला 120 फ्रेम घेतो, तरीही दोन फ्रेमांच्या मध्ये आपली बाईक 42 सेंटिमीटर गेलेली असते. नागार्जुनाचा प्रश्न त्या 42 सेंटिमीटरांत शाबूत आहे. त्यातली खरी विचारात पाडणारी सोय वेगळीच आहे. बटण दाबण्याच्या आधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम तो राखून ठेवू शकतो. म्हणजे बाईक 50 मीटर मागे होती तेव्हाचं चित्र, जेव्हा तो फोटो काढायचा असं माणसाने ठरवलंही नव्हतं. मग ते चित्र घेतलं कुणी? बौद्ध परंपरेत कर्माचा विचार हेतूपाशी येऊन ठेपतो, आणि इथे हेतू तर कृतीच्या मागून आलेला दिसतो. माझ्या मते तो मागून आलेला नाही, आपण त्याला चुकीच्या जागी शोधतो आहोत. कोणत्या वळणावर उभं राहायचं, कशाकडे रोखायचं, कशासाठी बोट तयार ठेवायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. बोटाची हालचाल ही त्या निवडीची शेवटची आणि सगळ्यात किरकोळ पायरी आहे. जिथे रायडर नेहमी पडतात तेच वळण शोधून, तिथे दिवसभर कॅमेरा रोखून बसणाऱ्याला ‘माझं बोट तर नंतर पडलं’ असं म्हणून सुटता येणार नाही.

हे केवळ तर्कापुरतं राहत नाही. 5 ऑगस्ट 2023 रोजी मद्रास सर्किटवर राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतीत बंगळूरचा 13 वर्षांचा एक रायडर पडला आणि गेला. त्या सप्ताहअखेरच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. काही जण म्हणतील, कॅमेऱ्याने जे घडलं ते सगळं नोंदवावं आणि लोकांनी ते सगळं पाहावं, कारण लपवण्यातूनच पुढचे अपघात होतात. यातलं अर्धं मला मान्य आहे. स्थिर जागेवरून, मोजलेल्या अंतरावरून घेतलेली फीत अशा वेळी अमोल असते. वेग किती होता, ओळ कुठे चुकली, ट्रॅकच्या कडेची मोकळी जागा पुरेशी होती का, हे तिच्यावरूनच काढता येतं. तिथे गोठवलेली, पुसटपणा नसलेली फ्रेमच हवी, कारण प्रश्नच ‘कुठे होता’ असा आहे. पण तीच फ्रेम हजारो मोबाइलवर फिरते तेव्हा तो प्रश्न विचारणारा तिथे कुणी नसतो. एका मुलाच्या साऱ्या धावण्यातला एवढाच तुकडा ‘हेच आणि एवढंच’ होऊन बसतो. अशा फितीवर पहिला हक्क चौकशी करणाऱ्यांचा आणि घरच्यांचा आहे. कॅमेरेवाल्याने ती त्यांच्या हाती द्यावी आणि स्वतःकडची प्रत बाहेर जाऊ देऊ नये.